शुक्रवारी सैल केलेल्या तारा

एजवेअरला लंडनची नॉर्दर्न लाइन संपते. गाडीतले उरलेसुरले लोक उतरतात आणि दुकानांच्या रांगेपुढून आपापल्या घराकडे वळतात. आमचं घर स्टेशनच्या मागच्या बाजूला, एकसारख्या जोडघरांच्या रस्त्यावर. पुढच्या खोलीत गॅसची शेगडी, डाव्या भिंतीला आमच्या लग्नाचा फोटो, उजव्या भिंतीला माझा ऊद.

ऊद म्हणजे धुपातला नव्हे. अरबांचं तंतुवाद्य. पोट अर्ध्या भोपळ्यासारखं, मान आखूड आणि टोकाशी मागे मोडलेली.

फोटो मागच्या तारेवर थोडा पुढं झुकून लटकायचा, कारण ती तार सैल होती. माझी बायको रोझी म्हणायची, "अगदी तुमच्यासारखाच. भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहील तर शपथ." तिचं खरं होतं. मी कौन्सिलच्या लायब्ररीत तळघरात काम केलं, पुस्तकांच्या पाठीला नंबर चिकटवले आणि निवृत्त झालो. वरच्या मजल्यावर काउंटरला बसायचं दोनदा विचारलं होतं. मी नको म्हटलं.

ऊद मात्र मी वाजवायचो. फक्त रोझीपुढे.

तो माझ्यासाठी नागपाड्यातल्या मेनाशे नावाच्या बगदादी ज्यू म्हाताऱ्यानं बनवला, आमच्या लग्नाच्या वर्षी. अक्रोडाच्या पातळ पट्ट्या तो तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवायचा आणि मी ऑफिस सुटल्यावर समोर बाकावर बसून बघायचो. हातात देताना त्यानं बजावलं होतं, शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत सगळ्या तारा सैल करायच्या. शनिवारी तारे दिसले की लावायच्या. आधी खर्जाची, ती एकटीच असते. मग तिच्या शेजारची जोडी, मग पुढची, अशा पाच जोड्या. क्रम मोडायचा नाही. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शब्बाथला, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवशी, वाजवायचं नाही हे मला ठाऊक होतं, पण तारा सैल करण्याबद्दल कुणाकडून ऐकलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "लाकूड थकतं."

मी तो नियम पाळला. मुंबईत आणि त्रेसष्ट साली इथं आल्यावरही. शुक्रवारी रोझी दिवे लावायची, त्याआधी मी खुंट्या उलट्या फिरवायचो. शनिवारी सिनेगॉगमधून अंधार पडल्यावर चालत घरी यायचो, बेल वाजवायचो, रोझी दार उघडायची. आणि आत येऊन ऊद खाली काढला की तारा लावलेल्या असायच्या.

रोझीचा कान फार चांगला होता. मी येईपर्यंत ती लावून ठेवते, हे मी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ओळखलं. तिला कधी बोललो नाही. बोललो तर ती थांबेल असं वाटायचं. आमच्यात पुष्कळ गोष्टी अशाच, न बोलता चालायच्या.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात ती हॉस्पिटलात होती. शेवटचा आठवडा. एका दुपारी डोळे उघडून म्हणाली, "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"दर शनिवारी तुम्ही मागच्या दारानं येऊन आधी तारा लावता. मग पुन्हा पुढच्या दारी जाऊन बेल का हो वाजवता?"

मला काही कळलं नाही. "मी?"

"मी स्वयंपाकघरात असते ना. खुंट्यांची कुरकुर ऐकू येते. इतकी वर्षं म्हटलं, लाजताय तर लाजू दे." ती हसली आणि तिनं डोळे मिटले.

तिला मॉर्फिन देत होते. मी तिचा हात धरून बसलो आणि काही बोललो नाही. बोलायला हवं होतं की काय, अजून ठरवता येत नाही. दोन दिवसांनी ती गेली.

सुतकाच्या तीस दिवसांत मी उदाकडे पाहिलंही नाही. नंतर एका रविवारी खाली काढला. तारा लागलेल्या होत्या.

मीच सैल करायला विसरलो असेन. या वयात माणूस विसरतो, आणि मी तर आधीपासूनच स्वतःच्या आठवणीवर भरवसा न ठेवणारा. पुढच्या शुक्रवारी मी तारा इतक्या सैल केल्या की त्या लाकडावर लोंबायला लागल्या. मागच्या दाराला कडी लावली आणि ती ओढून बघितली. शनिवारी सिनेगॉगमधून आलो, किल्लीनं दार उघडलं, कोट न काढताच भिंतीपाशी गेलो. सगळ्या तारा लागल्या होत्या. कडी होती तशी होती.

असं हिवाळाभर चाललं. मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? बायको गेल्यावर म्हाताऱ्याला भास होतात, यापलीकडे कुणी काय म्हणालं असतं? मलाही तेच वाटायचं, आणि त्याचाच थोडा आधार होता.

फेब्रुवारीत खाणकामगारांचा संप चालू होता आणि वीज पाळीपाळीनं जायची. एका शनिवारी मला खोकला झाला म्हणून मी घरीच राहिलो. पुढच्या खोलीत खुर्चीत बसलो होतो. संध्याकाळ झाली आणि दिवा गेला. शब्बाथ संपायला अजून वेळ होता, तोवर काडी ओढायची नाही. बाहेर रस्त्यावरचे दिवेही गेले होते.

आधी कुरकुर ऐकू आली. कोरड्या लाकडात लाकूड फिरल्याची, सावकाश. मग शांतता, कुणी कान देऊन ऐकावं तशी. मग तारेवर बोट लागल्याचा हलका आवाज. खर्ज. जरा उतरलेला. पुन्हा कुरकुर. पुन्हा बोट. आता बरोबर.

मग शेजारची जोडी.

लावणाऱ्याला घाई नव्हती. मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो. काडीची पेटी खिशात होती. माझा धर्म मला आड आला की माझा भित्रेपणा, खरंच सांगता येत नाही. शेवटची बारीक जोडी लागली आणि सगळं थांबलं. वेळ झाल्यावर मी मेणबत्ती लावली. ऊद खिळ्यावर होता. मी एकदा सगळ्या तारांवरून बोट फिरवलं. इतका चांगला तो मला कधीच लावता आला नव्हता.

इतकी वर्षं रोझीच्या त्या प्रेमापायी मी मनातल्या मनात ओशाळून राहिलो होतो. ती रोझी नव्हती.

सोमवारी मी पेपरवाल्याच्या खिडकीत कार्ड लावलं: हातानं बनवलेला ऊद विकायचा आहे. बुधवारी एक मराठी तरुण आला. यशोधन गुप्ते, इथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर. एडनच्या इस्पितळात असताना ऊद शिकला होता.

"ब्रिटिश निघाले, मग मीही निघालो, काका," तो म्हणाला. "माझी बायको अलका म्हणते, घरात एक पोट आहे तेवढं पुरे, दुसरं कशाला आणताय." त्यानं ऊद मांडीवर घेतला आणि त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "कुणी बनवला? आणि तुम्ही हा विकताय?"

"आता हात चालत नाहीत," मी म्हणालो.

किंमत त्यानं सांगितली तीच घेतली. सैल करण्याचा नियम सांगितला. मग धीर करून म्हणालो, "डॉक्टर, शनिवारी अंधार पडल्यावर मला फोन कराल? तारा कशा आहेत तेवढं सांगायला."

"कशा म्हणजे?"

"सैल आहेत की लागलेल्या."

"सैल केल्या तर सैलच असणार ना, काका."

"तरी."

"करतो," तो म्हणाला, प्रेमानं. मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेलो नाही. ऊद बाहेर जाताना मला बघायचा नव्हता.

शनिवारी फोन आला. "काका, यशोधन. लोंबताहेत. जशा सोडल्या तशा. पास झालो का?"

मी हसलो. कितीतरी महिन्यांनी. रिसीव्हर ठेवता ठेवता समोर लक्ष गेलं.

लग्नाचा फोटो भिंतीला पाठ लावून ताठ उभा होता. बोटभर वर सरकला होता. त्याच्याखाली वॉलपेपरचा न विटलेला पट्टा दिसत होता, इतकी वर्षं फोटोआड राहिलेला. मी चौकट जरा पुढं ओढली आणि मागच्या तारेला बोट लावलं. खर्ज.

पुढच्या शनिवारी मागच्या अंगणातली कपड्यांची दोरी. मी तिच्या टेकूची काठी काढून ठेवली होती, दोरी गवतापर्यंत लोंबत होती. संध्याकाळी ती दोन खांबांमध्ये सरळ होती, दवानं ओली. मी तिला हात लावला नाही. वारा लागला, तेवढ्यानंच सूर ऐकू आला.

मग मी घर साफ केलं. फोटोची तार, दोरी, पडद्यांच्या तारा, पार्सलची सुतळी, बुटांच्या नाड्या. सगळं पोत्यात भरलं आणि कचऱ्याच्या गाडीबरोबर गेलेलं डोळ्यांनी बघितलं. रोझीची लोकर शेजारणीला दिली. "एकदम सगळी?" ती म्हणाली. सगळी, म्हटलं. घरात ताणता येईल असं काही उरलं नाही.

त्या शनिवारी वीज होती. मी सिनेगॉगमधून आलो, शब्बाथ संपल्याची प्रार्थना म्हटली, शेगडी लावली आणि खुर्चीत बसलो. भिंती रिकाम्या होत्या. खिडकीला पडदे नव्हते. घर माझं झालं होतं. रोझी असती तर म्हणाली असती, "अहो, हे घर आहे की गोदाम?" मला तसंच चाललं असतं.

कुरकुर झाली.

भिंतीकडून नाही. मी आधी भिंतीकडेच बघायला गेलो, पण मान वळेना.

आवाज माझ्या उजव्या कानाच्या खालून येत होता.

दुखत नव्हतं. मानेच्या बाजूनं काहीतरी सावकाश ओढलं जात होतं. मग थांबलं. ऐकल्यासारखं.

एक बोट लागलं. थंड नव्हतं, गरमही नव्हतं.

जरा उतरलेला.

पुन्हा कुरकुर.

रविवारी मी यशोधनला फोन केला. बोलताना घशातून येणाऱ्या आवाजाची मला भीती वाटत होती, म्हणून फक्त "मान आखडली" एवढंच म्हणालो. तो तासाभरात आला. आल्याआल्या म्हणाला, "पडदे धुवायला टाकलेत वाटतं." मग माझ्या मागे उभा राहून मान चाचपू लागला. "इथं? की इथं? बापरे, काय ताठ झालीय ही." त्याचा अंगठा शिरेवरून निसटला.

खोलीत तो सूर हळूहळू विरत गेला.

त्यानं हात काढून घेतला. आमच्या दोघांचेही कान तयार होते, हीच अडचण.

"थंडीनं आखडली असेल," तो शेवटी म्हणाला, भिंतीकडे बघत. दारात गेल्यावर मात्र थांबला. "काका, मी शुक्रवारी ऊद परत आणतो. पैसे राहू द्यात तुमच्याकडे."

शुक्रवारी दुपारी तो आला. कोट काढला नाही. ऊद त्याच खिळ्याला लावला आणि स्वतः एकेक खुंटी उलटी फिरवली, क्रमानं, मी सांगितला होता तसा. मी चहा विचारला. नको म्हणाला.

शनिवारी मी प्रार्थनेला गेलो नाही. उदासमोर बसून राहिलो. आयुष्यात कधी मागितलं नसेल इतकं मनापासून मागत होतो, की त्या तारा लागू देत. अंधार पडला. मी दिवा लावला.

तारा लाकडावर लोंबत होत्या.

फोन वाजला. "काका?" यशोधन म्हणाला. "लागल्या?"

"नाही. सैलच आहेत."

तो हळूच म्हणाला, "आणि तुम्ही?"

मी रिसीव्हर धरलेल्या हाताकडे बघितलं. चार बोटं मिटलेली होती. करंगळी वेगळी, सरळ उभी. मी दुसरा हात दिव्याखाली धरला. त्याचीही.

"मी बरा आहे," मी म्हणालो.

आज पुन्हा शुक्रवार. सूर्य बुडायला थोडा वेळ आहे, तोवर हे लिहून होईल. ऊद मी खाली काढून ठेवला आहे. त्याच्याकडे आता कुणाचं लक्ष नाही. मानेनंतरची पहिली जोडी, दोन्ही करंगळ्या, ताठ आहेत, मिटत नाहीत. दुखत मात्र नाहीत. लिहायला करंगळ्या लागत नाहीत. अनामिकाही लागत नाहीत.