बिजागरीतली वायर

तो ग्रंथपाल तोच जुना लॅपटॉप छातीशी धरून तिसऱ्यांदा दुरुस्तीच्या दुकानात शिरला, तेव्हा मामाने चष्म्यावरून भाचीकडे पाहिलं आणि काहीतरी काम काढून तो मुद्दामच बाहेर सटकला.

“पुन्हा वायफाय?” तिने विचारलं.

“पुन्हा,” तो ओशाळून हसला. “घरी नेलं की पाच मिनिटांत तुटतं.”

पहिल्या खेपेला तिने वायफायचं ड्रायव्हर-सॉफ्टवेअर नव्याने टाकलं होतं. दुसऱ्या खेपेला आतलं कार्ड काढून, पुसून परत बसवलं होतं. दुकानात मात्र लॅपटॉप शहाण्या मुलासारखा चालायचा. आजही तिने तो टेबलावर उघडून ठेवला... अर्धा तास झाला, एकदाही वायफाय तुटलं नाही. तो समोर स्टुलावर बसून तिच्या हातांकडे बघत होता. तिला ते कळत होतं आणि आवडतही होतं, खोटं कशाला बोला! त्या भरातच तिची जीभ सैल सुटली.

“हा ठणठणीत आहे. दुखणं दुसऱ्याच कुणाला तरी आहे... इथं यायला निमित्तच हवं असेल, तर सरळ सांगा ना!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“उद्या सकाळी आईचं ऑपरेशन आहे,” तो म्हणाला. “ताई परदेशात असते. आज पाचला तिचा व्हिडिओ कॉल येणार... ऑपरेशनआधीचा शेवटचा. मोबाइलच्या पडद्यावर आईला चेहरा ओळखू येत नाही. तीन रविवार झाले, आईने ताईला पाहिलेलं नाही.”

लॅपटॉप उचलून तो निघूनही गेला. ती जागच्या जागी थिजली. थट्टा करायला हाच माणूस सापडला होता! मामा परत आला तर ही तशीच बसलेली. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, “मग बसलीस काय? हत्यारांची पेटी उचल आणि नीघ.”

नोंदवहीतल्या पत्त्यावर ती पोचली, तेव्हा साडेचार वाजले होते. आई पाठीवर उताणी झोपलेली, मान उचलायची मनाई. ग्रंथपालाने पलंगावर आडवं टेबल सरकवलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि आईला दिसावं म्हणून पडदा पुढे झुकवला.

वायफायची खूण त्याच क्षणी गेली.

“थांबा!” तिने पडदा सरळ केला. खूण परत आली. पुन्हा झुकवला... गेली.

“वायफायची वायर बिजागरीतून वर पडद्यात जाते,” ती हळू आवाजात म्हणाली. “ती तिथे चिमटतेय. दुकानात मी पडदा कधी झुकवलाच नाही.”

तिने स्क्रू काढले, वायर बिजागरीतून सोडवून बाहेरून घेतली, वर चिकटपट्टी लावली. पाचला दोन मिनिटं असताना पडदा झुकवला, खूण टिकली, आणि लगेच ताईचा चेहरा उमटला.

“केस कापलेस?” आई म्हणाली. “मला न विचारता?”

ताई हसता हसता रडू लागली. भाची गुपचूप जिन्यात आली. तो मागोमाग आला.

“मला माफ करा,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी येता. आणि... तसंच असावं असं वाटत होतं.”



“बिघाड खराच होता,” तो कठड्याकडे बघत म्हणाला. “पण या इमारतीच्या तळमजल्यावरच दुरुस्तीचं दुकान आहे. मी दोन बस बदलून तुमच्याकडे येत होतो. खालीच दिला असता, तर आईचे रविवार वाया गेले नसते... दुपारपासून हेच खातंय मला.”



“त्यांनाही सापडलं नसतं,” ती म्हणाली. “टेबलावर कुणीच पडदा झुकवत नाही.”

आतून आईचा बारीक आवाज येत होता, काहीतरी बजावणारा.

“उद्या किती वाजता न्यायचंय आईंना?”

“सातला.”

“मी साडेसहाला येते.”

त्याने तिचा हात धरला, आणि आतून आईने हाक मारेपर्यंत सोडला नाही.