आईचा मेल नापास का झाला?

आईचा मेल आला होता आणि चौकसने तो चक्क संशयाच्या डब्यात टाकला होता! आता सांगा, असल्या यंत्रमानवाचं काय करायचं?

माझी आई 'तेजा' या अंतराळयानावर इंजिनिअर आहे. ती वर गेली की मी जुन्नरजवळ आजोबांकडे राहते. आजोबा शास्त्रज्ञ आहेत, कंपनीच्या यानांची मेलची यंत्रणा तेच सांभाळतात. दिवाळीनंतर 'तेजा'चा संपर्क तुटला. आधी सगळे म्हणायचे, "येईल गं." मग म्हणेनासे झाले. आता तर मी खोलीत आले की मोठी माणसं हवापाण्याच्या गप्पा मारायला लागतात. मला काय कळत नाही का?

आणि आज हा मेल. पाठवणाऱ्याच्या जागी आईचं नाव, पुढे 'तेजा'चा पत्ता. 'केतू, मी सुखरूप आहे. रडू नकोस. नीट जेव.'

"डबड्या!" मी चौकसवर ओरडले. "आईचा मेल आहे तो. तिचं नाव दिसत नाही तुला?"

"दिसतं, केतकी. पण पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव-पत्ता लिहू शकतं. मी नाव वाचून थांबत नाही."

"मग काय दिवे लावतोस?"

चौकसला शिकवायला भारी आवडतं. त्याने लगेच भिंतीवरचा पडदा सुरू केला. "माझ्याकडे काही फंक्शन आहेत (फंक्शन म्हणजे एकच ठरलेलं काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा). पहिलं फंक्शन मेलच्या पत्त्यातून डोमेन वेगळं काढतं (डोमेन म्हणजे '@' या खुणेनंतरचं नाव). इथे ते 'तेजा'चं आहे. दुसरं फंक्शन त्या डोमेनची जाहीर नोंद शोधून आणतं. त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या कॉम्प्युटरना आहे, हे डोमेनच्या मालकाने तिथे सांगून ठेवलेलं असतं."

"आणि मेल कुठल्या कॉम्प्युटरवरून आला, हे तुला कसं कळणार?"

"तो माझ्याशी जोडला जातो तेव्हा त्याचा आयपी पत्ता मला दिसतो (आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवर यंत्राला ओळखायचा क्रमांक). माझी उत्तरं त्याच पत्त्यावर जातात. पत्ता खोटा असेल तर उत्तरं भलतीकडे जातील आणि आमचं बोलणंच पुरं होणार नाही. म्हणून नावाची थाप मारणं सोपं असतं, आयपी पत्त्याची अवघड."

पडद्यावर आकडे आले: २०३.०.११३.१६ ते २०३.०.११३.३१.

"हे 'तेजा'चे पत्ते. आलेला पत्ता यांच्यात बसतो का, हे तिसरं फंक्शन बघतं. पहिले तीन आकडे अगदी तेच हवेत आणि शेवटचा सोळा ते एकतीसमधला."

खाली मेल पाठवणाऱ्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता उमटला: १९८.५१.१००.७.

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. पहिलाच आकडा जुळत नव्हता.

"आईने दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावरून पाठवला असेल," मी म्हटलं.

"असं होऊ शकतं. म्हणून मी तो पुसून टाकला नाही, बाजूला ठेवला. पण हा पत्ता माझ्या ओळखीचा आहे, केतकी. तो आजोबांच्या प्रयोगशाळेतला आहे."

मी धावतच प्रयोगशाळेत गेले. "आजोबा, तो मेल तुम्ही लिहिलात?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू जेवत नव्हतीस गं. मला दुसरं काही सुचेना."

"चौकस पकडणार हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं. त्याची तपासणी मीच तर बनवली. तरी लिहिला."

मला इतका राग आला! आई पाच मिनिटांसाठी परत आली होती आणि आता पुन्हा गेली होती. मी भोकाड पसरलं. आजोबाही रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि मला फार भीती वाटली.

थोड्या वेळाने त्यांच्या कॉम्प्युटरकडे माझं लक्ष गेलं. 'तेजा'ची तीच नोंद तिथे उघडी होती.

"हे काय करताय?"

"यान हरवलं असं कंपनीने ठरवलंय. नोंद पुसून टाका म्हणतात. सकाळपासून बसलोय, हात धजत नाही."

"नोंद पुसली आणि मग आईचा खराखुरा मेल आला तर?"

"तर परवानगी बघायला नोंदच सापडणार नाही. तोही संशयाच्या डब्यात जाईल."

"म्हणजे तिचा खरा आणि तुमचा खोटा, दोन्ही सारखेच?"

"हो बाळा."

"मग नाही पुसायची!"

"केतू, आशा फार थोडी आहे गं."

"असू दे थोडी. आणि पुन्हा आईच्या नावाने लिहायचं नाही."

आजोबांनी कंपनीला कळवून टाकलं की नोंद ते पुसणार नाहीत, दुसऱ्या कुणाला सांगायचं तर सांगा. अजून तरी कुणी पुसलेली नाही. शाळेतून आले की मी रोज ती चौकसला दाखवायला लावते.

मेल आलेला नाही. येईलच असं नाही, असं आजोबा म्हणतात. ते आता माझ्याशी खोटं बोलत नाहीत. पण आला, तर तो तपासणीत पास होईल आणि ही खरंच आई आहे का, हे मला कुणाला विचारावं लागणार नाही.