मोकळं जातं

जोंधळ्याचे सुपामधी राह्यले बाई पाच दाणे,
शेजारच्या लेकराला जाग देते माझे गाणे.

साळूबाईचा हा आवाज गिरिधर वकिलाच्या कानात लहानपणापासून होता. टेंभुर्णीत तिच्या जात्याच्या घरघरीनंच त्याचं उजाडायचं. आता तिच्याच खुनाचा खटला, आणि पिंजऱ्यात तिचा सालगडी भुजंग; त्याचं वकीलपत्र गिरिधरकडं. आज शेवटच्या साक्षी, मग लगेच फैसला. फाशी ठरल्यासारखीच होती. अदालतीबाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता.

"इकबालावर, गुन्ह्याच्या कबुलीवर, मुलजिमाचा अंगठा आहे," हाकिम म्हणाले.

"कागद उर्दूत आहे, हुजूर." गिरिधर पिंजऱ्याकडं वळला. "भुजंग, काय लिहिलंय त्यात?"

"म्हाईत न्हाई, वकीलसाब. अंगठा दे अन् घरी जाय म्हनले."

मागं कोणी तरी हसलं. हाकिमांनी कागद मात्र बाजूला सारला नाही.

गिरिधरनं साळूबाईच्या दिराला, रखमाजी पोलीस पाटलाला, पुढं बोलावलं.

"पाटील, वहिनीला जिती शेवटची कधी पाह्यली?"

"पाह्यली न्हाई, ऐकली. त्या दिवशी पहाटं जातं चालू होतं, ओवी चालू होती. भुजंग आत गेला अन् आवाज तुटला."

"बिलकुल जात्याचाच आवाज?"

"तर! पंचनाम्यात पीठ सांडल्यालं हाये. पीठ काय आभाळातून पडतंय?"

"सांडलं कुठं?"

"उंबऱ्यापाशी."

"जातं तर माजघरात." गिरिधरनं पंचनामा उचलला. "लिहिलंय, 'जातं एक, खुंट्याचं भोक मोकळं.'"

त्यानं धर्मराज सुताराला खूण केली. धर्मराजनं पिशवीतून मोडका खुंटा काढला.

"साळूबाईनं आदल्या सकाळी नवा करायला दिल्ता. तव्हापासून माझ्याकडंच हाये."

रखमाजीचा हात पागोट्याकडं गेला.

"खुंट्याशिवाय जातं फिरत नाही, हुजूर. पहाटे दळण नव्हतं, ओवीही नव्हती. साळूबाई आदल्या सांजेलाच गेली होती. त्या सांजेला भुजंग जाफराबादला सरकारी वेठीवर होता, तिथल्या हजेरीत त्याचा अंगठा आहे. तो परतला पहाटे. त्याला अडकवायचं तर साळूबाई पहाटेपर्यंत जिती हवी होती. बायकांच्या जात्याकडं पाटील कशाला वाकून बघतील? रोजचा आवाज त्यांनी साक्षीत घातला. विहिरीचं वावर ती देत नव्हती. तिच्यामागं ते यांनाच मिळणार."

"मंग पीठ कुनाचं?" रखमाजी ओरडला.

"उसनं. जातं बंद, म्हणून सांजच्या भाकरीला कोणी तरी घेऊन आलं आणि उंबऱ्यावरूनच परतलं."

गिरिधरनं नाव घेतलं नाही. अदालतीच्या ओसरीवर रखमाजीची बायको चतुराबाई बसली होती. प्रत्येक तारखेला ती अशीच यायची, दातांत पदर धरून. ती उठली.

"चतुरे, बस खाली!"

तिनं पदर सोडला.

"त्या सांजेला पीठ म्या नेल्तं. दारातून तुमी भायेर आलात, म्या भिंतीआड झाले. मंग आत वाकून पाह्यलं अन् हातातलं सांडलं. जाऊबाईत जीव होता अजून. पानी मागत होती. तुमाला भिऊन म्या दिलं न्हाई."