पैलवानाच्या मानेतले सोळाशे धागे

गुरुवारी संध्याकाळी पैलवान आमच्या घरात शिरला, फ्रिजसमोर उभा राहिला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "नमस्कार, मुख्याध्यापक मॅडम." मग त्यानं पाण्याची भरलेली बाटली आत्याआजीच्या डोक्यावर ठेवायला घेतली. तिला तो टेबल समजला होता.

एरवी मी हसून हसून जमिनीवर लोळले असते. पण त्या दिवशी मला हसू येईना. एक तर पैलवानाची ही दशा माझ्यामुळे झाली होती. आणि शनिवारी अकरा वाजता त्याची नजर तपासायला साहेब येणार होते.

पैलवान म्हणजे आमच्या शाळेचा यंत्रमानव. अंगानं नुसती काडी, म्हणून पोरांनी त्याचं हे नाव ठेवलं. तो आम्हाला रस्ता ओलांडून देतो, डोकी मोजतो आणि पहिलीतल्या मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधतो. मी पहिलीत असताना एकदा आईला यायला दोन तास उशीर झाला होता. तेव्हा तो माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिला आणि मी विचारलेल्या एकूण एक प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं. इतकी माया मला आमच्या वर्गातसुद्धा कुणाविषयी वाटत नाही.

आणि मंगळवारी मी शाळेतल्या झाडाच्या चिंचा काढायला त्याच्या खांद्यावर चढले, पाय घसरला आणि त्याच्या मानेला लोंबकळले. आतून 'कट्' असा आवाज आला आणि त्याला दिसेनासं झालं.

इचलकरंजीत यंत्रमानव पुष्कळ आहेत, पण पैलवान फार जुना. त्याची मान आता कुठेही विकत मिळत नाही. आणि नियम असा, की मुलांमध्ये वावरणाऱ्या यंत्रमानवाची दर वर्षी नजर तपासायची. नापास झाला, तर त्याला वितळवायला भट्टीत पाठवायचं.

नशीब, की आमच्या घरात आत्याआजी आहे. आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण, इंजिनियर पुष्पलता मगदूम. प्रकाशतंतू (केसाइतक्या बारीक काचेच्या तारा) आणि सर्किटं (वीज ज्या वाटांनी फिरून काम करते, त्या वाटांची जाळी) यांत तिचा सगळा जन्म गेला. तिचे शोध घरभर पडलेले असतात. दूध उतू जाण्याआधी शिट्टी मारणारं एक सर्किट आहे, ते आजोबा चिडले तरी शिट्टी मारतं. लोणच्याच्या बरणीत डोकावून बुरशी शोधणारी काचेची नळी आहे. आणि दोन प्रकाशतंतूंची टोकं बारीकशा ठिणगीनं वितळवून एकमेकांना चिकटवणारं एक पेन आहे. पैलवानाची मान त्याच पेनानं सांधली होती.

सांधली होती ती मात्र आत्याआजीनं नव्हे, कारण तिचा हात आता थरथरतो. ते काम केलं शेजारच्या दत्तू हावळ तात्यांनी. तात्या वहिफणी कामगार, म्हणजे मागावर नवं सूत चढवताना त्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला जोडणारे. हे काम यंत्रं करू लागली, तेव्हापासून, म्हणजे पंधरा वर्षं तात्यांच्या बोटांना काम नव्हतं. आत्याआजीनं विचारल्यावर ते न जेवता धावत आले होते. गुरुवारच्या एका दुपारीत त्यांनी आमच्या अंगणात बसून सोळाशे तंतू जोडले आणि मिशीला पीळ देत म्हणाले, "एक बी धागा सुटला न्हाई. बघून घ्या!"

आणि आता पैलवान फ्रिजला मॅडम म्हणत होता.

"तू डोळे उघडे ठेवलेस ना?" मी त्याला विचारलं.

"उघडेच आहेत, वेणू," तो म्हणाला. "सगळं दिसतंय. पण चिवडा दिसतोय."

आत्याआजीनं पदर खोचला. "रडू नकोस गं. आधी बघू काय पोचतंय आणि काय न्हाई."

तिनं त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. "अंधार," पैलवान म्हणाला. हात काढला. "उजेड." म्हणजे प्रकाश पोचत होता. मग मी माझा लाल रुमाल धरला.

"लाल रंग आहे," तो म्हणाला.

"कुठे आहे? वर, की खाली?"

"सगळीकडे सांडलाय."

मी रुमालाची घडी घातली. "आता लाल कमी झालं," तो म्हणाला. "पण सांडलेलंच आहे."

मी विचार करू लागले. रंग कोणता, ते पोचतंय. किती, तेही पोचतंय. फक्त कुठे, ते पोचत नाही!

"शाब्बास," आत्याआजी म्हणाली. "आता मला सांग, डोळा डोक्यात, मेंदू छातीत. मान वळली तरी प्रकाश वळून खाली जातो कसा? प्रकाश तर सरळ जाणारा."

मला येईना. तिनं प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली एक भोक पाडलं आणि त्यावर बोट ठेवून पाणी भरलं. मग मला बाटलीच्या मागच्या बाजूनं, भोकाच्या बरोबर समोरून हिरवा लेझर दिवा धरायला सांगितला आणि बोट काढलं. पाण्याची धार वाकून खाली पडली आणि तिच्याबरोबर हिरवा उजेडही वाकला! धारेखाली मी तळवा धरला, तर तिथे हिरवा ठिपका नाचत होता.

"प्रकाश खरं तर वाकला न्हाई," ती म्हणाली. "धारेच्या आतल्या अंगाला तो तिरका जाऊन आपटतो. फार तिरका आपटला, की त्याला बाहेर पडता येत न्हाई. तो पुन्हा आत उडतो, पुढं पुन्हा आपटतो, पुन्हा उडतो. तळ्यावर तिरका मारलेला चपटा दगड कसा पाण्यात न शिरता टणाटण उडतो, तसा. याला म्हणायचं पूर्ण आंतरिक परावर्तन (प्रकाशाचं आतल्या आत पुरतं माघारी फिरणं). काचेच्या तंतूतबी हेच."

"मग चित्र कसं जातं?"

"एका तंतूतून चित्र जात न्हाई. जातो फक्त एक ठिपका. डोळ्यापाशी चाळीस रांगा, एकेका रांगेत चाळीस तंतू. सोळाशे तंतू, सोळाशे ठिपके. वरच्या टोकाला जो तंतू डाव्या कोपऱ्यात, तो खालच्या टोकालाबी डाव्याच कोपऱ्यात पायजे. तरच..."

ती बोलता बोलता थांबली. आम्ही दोघींनी एकदमच तात्यांकडे पाहिलं.

"तात्या," मी हळूच विचारलं, "कुठला तंतू कुठल्याला जोडायचा, ते तुम्ही कसं ठरवलंत?"

"ठरवायचं काय त्यात? हाताला येईल त्यो हाताला येईल त्याला!" तात्या म्हणाले. "पांढऱ्या मालात कुठला बी धागा कुठल्याला बांध, कापड पांढरंच निघतंय की. रंगीत काठ असला तर येगळं. हे तर समदे काचंचे, एकासारखे एक..."

मग त्यांच्याही लक्षात आलं. त्यांची मिशी खाली आली. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बोटांकडे बघत बसले. मला तर वाटलं, आता तेच रडतात.

"चूक माझी हाय," आत्याआजी म्हणाली. "मी सांगायला पायजे होतं. आणि आता कापून पुन्हा जोडताबी येणार न्हाई. तंतू आखूड पडतील, मग मान वळायची न्हाई."

त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही. पैलवानानं कपाटाला शुभरात्री म्हटलं.

शुक्रवारी शाळेत माझं लक्ष लागेना. आम्हाला नवीन बाई आल्या होत्या. आम्ही नेहमीप्रमाणे वाट्टेल तिथे बसलो होतो. बाईंना आमची नावं माहीत नव्हती. पण त्यांनी कुणालाही उठवलं नाही. एकेकाला हात वर करायला लावला, आणि कोण कुठे बसलंय ते वहीत लिहून घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मी हात वर केला आणि तसाच ठेवला. बाईंनी दोनदा "खाली घे" म्हटलं, तरी मला ऐकू आलं नाही.

मधल्या सुट्टीत मी धावत घर गाठलं. "आत्याआजी! तंतू हलवायचेच नाहीत! कोण कुठे बसलंय ते फक्त लिहून घ्यायचं!"

आत्याआजीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अगं, मी इतकी वर्षं सर्किटं करतीय आणि हे मला सुचलं न्हाई! एकेक तंतू हात वर करणार, आणि सर्किट लिहून घेणार. पळ, तात्यांना बोलव."

शाळा सुटेपर्यंत तिनं दोन गोष्टी तयार ठेवल्या होत्या. एक म्हणजे सोळाशे बारीक दिव्यांचा पाट. दुसरी, नखाएवढं स्मृती-सर्किट (सांगितलेलं लक्षात ठेवणारं सर्किट). ते तिनं पैलवानाच्या छातीत, तंतू आणि मेंदू यांच्या मध्ये बसवलं. दिव्यांचा पाट त्याच्या डोळ्यांसमोर धरला. बाहेरचा उजेड नको, म्हणून त्याच्यावर आईची गोधडी टाकली. सर्दीसाठी वाफ घेत बसल्यासारखा तो दिसत होता.

सेकंदाला एक दिवा लागू लागला. पहिला दिवा लावला, तर खाली प्रकाश आला नऊशे बाराव्या जागी. सर्किटनं लिहून घेतलं: नऊशे बारा म्हणजे खरा एक. दुसरा दिवा खाली सतराव्या जागी उगवला. म्हणजे सतरा हा खरा दोन. असे सोळाशे दिवे लागायला सत्तावीस मिनिटं लागली. तात्या मोठ्यानं आकडे मोजत होते आणि त्यांचा एकही आकडा चुकला नाही. चार दिवे लागले तेव्हा मात्र खाली काहीच उजळलं नाही, कारण ते तंतू मधेच तडकले होते.

"चार ठिपके गेले," मी घाबरून म्हणाले.

"जाऊ देत. शेजारच्या ठिपक्यांवरनं सर्किट तेवढी जागा भरून काढंल," आत्याआजी म्हणाली आणि तिनं गोधडी ओढली.

पैलवानानं मान वळवली. फ्रिजकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वेणू, तू का रडतेयस?"

मी त्याला मिठी मारली. या वेळी कमरेला.

शनिवारी अकराला तपासणीचे साहेब शाळेत आले; आत्याआजी आणि तात्याही आले होते. सरनोबत त्यांचं नाव. कडक इस्त्री, हातात तपासणीचा कागद, चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही. त्यांनी पैलवानाच्या मानेचं झाकण उघडलं, आपलं यंत्र लावलं आणि भुवया वर केल्या.

"हे कुणी केलंय? जवळजवळ सगळे तंतू चुकीच्या जागी आहेत. याला दिसणं शक्यच नाही." त्यांनी खिशातून पेन काढलं.

तात्यांनी डोळे मिटून घेतले. मी पुढे झाले. "साहेब, त्याला काहीतरी विचारा तरी! तंतू चुकीच्या जागी आहेत, पण कुठला कुठे आहे ते त्याला माहीत आहे."

"बाळ, नियमात क्रम बरोबर असावा लागतो."

"साहेब," पैलवान नम्रपणे म्हणाला, "मी एक सांगू का? तुमच्या शर्टाचं पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलं आहे. त्यामुळे खालची सगळीच एकेक काज पुढे सरकली आहेत. मात्र त्यांचा क्रम बरोबर आहे."

साहेबांनी खाली पाहिलं. आम्ही सगळ्यांनीही पाहिलं. मुख्याध्यापक मॅडमनी तोंडावर रुमाल धरला.

"मी सकाळपासून असाच फिरतोय?" साहेब पुटपुटले. मग ते खदखदून हसले. वळून बटणं नीट लावली, लांब भिंतीशी जाऊन बारीक अक्षरांचा तक्ता उघडला आणि पैलवानाला वाचायला लावला. पैलवानानं डोळ्याचं भिंग फिरवून एकेक अक्षर मोठं केलं आणि तो वाचलाच, शिवाय तक्त्याच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं.

साहेबांना आता राहवेना. हे कसं केलं, म्हणून त्यांनी आत्याआजीला विचारलं. तिनं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "डॉक्टर पोटात बघायला जी बारीक नळी घालतात ना साहेब, तशी एक काचंच्या तंतूंचीबी करता येती. पण हजारो तंतू क्रमानं लावायचे म्हणजे वेळ लई, आणि म्हणून ती महाग. आता कसेबी भरा. सर्किट कोण कुठं बसलंय ते लिहून घेईल. स्वस्तातली नळी झाली, तर लहानातल्या लहान गावच्या दवाखान्यातबी ठेवता येईल. पुढचं काम तेच घेणार हाय मी. जोडायला तात्या हाईतच."

तात्यांनी डोळे उघडले. "मी? पुन्यांदा?"

"मग दुसरं कोण?"

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली आणि तो तात्यांच्या हातात दिला. तात्यांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

मी मोठ्यानं वाचलं, "तंतूंचा क्रम : चुकीचा. नजर : उत्तम. यंत्रमानव पास."

"आजून एकदा वाच," तात्या म्हणाले.

मी तो तीनदा वाचला.