न मोडलेली वाळू

“लाइट येईपर्यंत सांगतो,” काका म्हणाले. “माझ्या साडूची गोष्ट. अगदी खरी.”

“तुमच्या सगळ्याच खऱ्या असतात, काका!” थोरली पुतणी म्हणाली.

“ही सांगताना मजा येत नाही मला. गप बस.”

साडू बालवाडीत समुपदेशक. मुलं त्याला ‘वाळूवाले सर’ म्हणायची. त्याच्या खोलीत वाळूनं भरलेला मोठा ट्रे होता आणि कपाटात बोटाएवढी माणसं, घरं, पलंग. पोराला जे बोलता येत नाही, ते पोर वाळूत मांडतं. नियम एकच. मांडणारा खोलीत असेपर्यंत मांडणी मोडायची नाही. तो गेला की तळव्यानं वाळू सपाट करायची.

माझी मेव्हणी, म्हणजे त्याची बायको, जाऊन महिना झाला होता. साडू रडला नव्हता. जेवायचा, दाढी करायचा, विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणायचा. सुट्टी संपून शुक्रवारी शाळा उघडणार होती, आणि आई गेल्यापासून मुकी झालेली एक मुलगी पहिल्यांदा त्याच्यापुढे बसणार होती. आपण असे कोरडे ठणठणीत, तिला देणार काय? गुरुवारी रात्री तो खोली आवरायला गेला.

दिवा लावला. ट्रेमध्ये कुणीतरी मांडून ठेवलं होतं. पलंग, पलंगावर बाई. कडेला एक माणूस, तिच्याकडे पाठ करून.

ती गेली तेव्हा साडू असाच उभा होता. खिडकीशी, शाळेचा फोन घेत. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

‘राहिलं असेल कुणा पोराचं,’ म्हणत त्यानं सगळं उचललं. वाळू सपाट केली. हात धुतले. वळला...

पलंग. बाई. माणूस.

माणसाचं तोंड आता तिच्याकडे होतं.

दार बंद. खिडकी बंद.

मग त्याला स्वतःचाच नियम आठवला. मांडणारा खोलीत असेपर्यंत...

काका थांबले.

“पळाले ना ते?” धाकट्यानं हळूच विचारलं.

“नाही रे. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला. मुलांना म्हणतो तेच म्हणाला, ‘मला घाई नाही.’”

“मग?”

“बसून राहिला, मध्यरात्र उलटेपर्यंत. शेवटी कुलूप लावून घरी गेला. सकाळी पाहतो तर त्या माणसाच्या पायाशी वाळू ओली. साडूनं डोळे चाचपले. कोरडेच.”

“आणि ती मुलगी?”

“आली. ट्रेकडे पाहिलं. मग साडूच्या पाठीमागे, कोपऱ्यात पाहिलं. म्हणाली, ‘सर, इतक्यात मोडू नका हं.’”

“मग मोडली त्यांनी मांडणी?” धाकट्यानं विचारलं.

“नाही मोडली. मुलांसाठी दुसरा ट्रे आणला. इतक्या महिन्यांनी, परवा मी स्वतः त्या ओल्या वाळूला बोट लावून पाहिलं...”

“वाळली?”

“नाही.”