एकोणिसाव्या गिटारचा स्पर्शालेख

प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर अठरा गिटारी ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या मानेला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. ती गिटार कोणत्या साली हातात घेतली आणि कोणत्या साली ठेवून दिली, ते गिटारवादक रूबेन साळवे यांनी त्यावर लिहिलं होतं. पहिली नाशिकच्या शरणपूरमधल्या चर्चची, मान मोडल्यावर मिरजेच्या सतारवाल्यानं सांधून दिलेली. एक लाल इलेक्ट्रिक, जिच्यावर त्यांनी ऑर्केस्ट्रात तेरा वर्षं काढली. एक बारा तारांची. ती त्यांना कधी नीट वश झाली नाही, पण कुणाला देऊन टाकायलाही मन धजलं नाही.

"हे औषध आजार बरा करत नाही, साळवे सर," मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. फरीद काझी म्हणाले. "चेतारक्षक फक्त आजाराला आहे तिथे थांबवतं. तेही बोटांत पहिला कंप उमटल्यापासून सात वर्षांच्या आत दिलं तर. त्यानंतर उपयोग जवळजवळ शून्य. औषध फार थोडं तयार होतं, म्हणून ते कुणाला द्यायचं हे ठरवणारी समिती पुरावा मागते."

"मला तीन वर्षांपूर्वी कळलं. चहाचा कप बशीत वाजायला लागला."

"तो कानाला ऐकू आलेला कंप. त्याआधी कित्येक वर्षं तो इतका बारीक असतो की कुठल्याही तपासणीत सापडत नाही. तुमच्या बाबतीत तो कधी सुरू झाला, हे हेमांगीताई शोधू शकतील."

डॉ. हेमांगी टिळेकर पृष्ठभागांच्या अभ्यासक होत्या. त्यांनी एका गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे फ्रेट. तुम्ही तार दाबता तेव्हा ती ह्यावर सूक्ष्म ओरखडा उठवते. स्थिर बोटाचा ओरखडा एकेरी असतो. कंप असला, तर त्याला करवतीसारखे दाते येतात. ओरखड्यावर दरवर्षी गंजाचा अतिशय पातळ थर चढतो. थर मोजले की वर्ष कळतं. ह्या नोंदीला आम्ही स्पर्शालेख म्हणतो. एकच गिटार जन्मभर वाजवली असतीत, तर जुने ओरखडे नव्यांनी पुसले असते. तुम्ही बदलत गेलात, म्हणून तुमच्या हाताची चाळीस वर्षांची रोजनिशी इथे आहे."

"मग वाचा की."

"आमचं घर्षणवाचक यंत्र थर खरवडत खाली जातं. फ्रेट उपटून काढावे लागतात आणि वाचून झाले की त्यांचा चुरा उरतो. ती गिटार पुन्हा पूर्वीसारखी वाजणार नाही."

 रूबेन यांनी स्वतःच ओळीतली एक काळी गिटार उचलून पुढे केली. नऊ वर्षांपूर्वीपासून सहा वर्षांपूर्वीपर्यंत ती त्यांच्या हातात होती. तिच्या पहिल्या दोन वर्षांच्या ओरखड्यांत कंप नसेल, तर बाकीच्यांना धक्का लावायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. काळ्या गिटारच्या सगळ्यांत खालच्या थरातही दाते होते.

"म्हणजे किमान नऊ वर्षं," काझी हळू आवाजात म्हणाले.

"एकीवरून कसं ठरवता?" रूबेन ताडकन म्हणाले. "ती मी बसमध्ये वाजवायचो, दौऱ्यावर. हादऱ्यांनी झालं असेल. घरी आणखी एक राहिलीये. त्याच काळातली. दहा वर्षं फक्त घरात बसून वाजवलेली, तीन वर्षांपूर्वी ठेवून दिलेली. उद्या आणतो."

त्यांनी आणलेली एकोणिसावी गिटार लहान, पोटाशी पिवळसर होती. हेमांगीताईंनी आधी बोटांची ठेवण जुळवून पाहिली. अंगठा मानेवरून पुढे आणून सहावी तार दाबायची रूबेन यांची खास सवय दोन्ही गिटारींत सारखी होती. त्यांनी फ्रेट उपटले.

दोन दिवसांनी काझी निकाल घेऊन आले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "अभिनंदन! आठ वर्षं हात एकदम स्वच्छ. कंप फक्त शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे सुरू होऊन पाचच वर्षं झाली. काळ्या गिटारवर बसचे हादरे असणार, समितीला हे पटेल."

"दोन वर्षांत... कंप आहे?" रूबेन यांनी विचारलं.

"अगदी बारीक. पण आहे."

"पुन्हा तपासा."

"सर, हे तुमच्या बाजूचं आहे. कंपच नसता, तर उलट समितीला संशय आला असता."

रूबेन खुर्चीत बसले.  "ही गिटार माझी नाही," ते म्हणाले. "एस्तेरची आहे. माझ्या मुलीची. मीच शिकवलंय तिला, म्हणून अंगठा तसा पडतो. न विचारता उचलून आणली. तुम्ही म्हणालात उपयोग जवळजवळ शून्य. जवळजवळ म्हणजे शून्य नव्हे, असं मी मनाला समजावलं. मला फक्त एक स्वच्छ हात दाखवायचा होता."

 काझी म्हणाले, "हा आजार वंशात उतरू शकतो. तिला बोलवावं लागेल. आजच."

एकोणतीस वर्षांची एस्तेर शाळेतला गणिताचा तास संपवून आली. सगळं ऐकून तिनं डावा हात टेबलावर लांब धरला. "बघा ना. कुठं हलतोय?"

तिघांनी निरखून पाहिलं. हात दगडासारखा स्थिर होता.

"अजून काही वर्षं असाच दिसेल," काझी म्हणाले. "दिसायला लागेल, तेव्हा मुदत संपलेली असेल."

एस्तेरनं हात मागे घेतला. शेजारच्या टेबलावर तिची गिटार पडली होती. फ्रेटच्या जागी नुसत्या रिकाम्या खाचा. तिनं त्यांवरून बोट फिरवलं.

"विचारलं असतंत तर दिली असती, पप्पा," ती म्हणाली. "खोटं बोलायलासुद्धा दिली असती."



काझींनी समितीचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. तिनं पेन घेतलं आणि थांबली. "आणि पप्पांचं काय?"

काझींनी काळ्या गिटारचा अहवाल उचलून त्यातली 'किमान नऊ वर्षं' ही ओळ तिला दाखवली.

"सही कर, बाळा," रूबेन म्हणाले. "तिथं, खाली."