भार उतरला

कुडपणच्या पठारावर अंबूबाईच्या घराला लागून एक दगडी खोली आहे. दूध विरजायला बांधलेली. भर वैशाखातही तिच्यात गारवा टिकतो. महाडला घरोघर तूप घालणाऱ्या अंबूबाईकडून गौतमीने ती या एका गुणासाठी मागून घेतली. प्रोसेसर किती काम करतो आणि त्यासाठी किती वीज खातो हे मोजायचे, तर भोवतालची हवा स्थिर लागते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तशी हवा होती. पण ज्या पुरवठादाराने ती प्रयोगशाळा दान दिली, त्याच्याच संगणकांवर गौतमीने बोट ठेवले, आणि त्या ज्ञानमंदिराला तातडीने नवे कुलूप लागले.

तक्रार साधी होती. खोक्यावर पासष्ट वॉट छापलेला प्रोसेसर प्रत्यक्षात दुपटीहून अधिक खात होता. शिवाय तो लबाड होता. प्रचलित चाचण्या ओळखून तेवढ्यापुरता उपास धरत होता; तपासणीच्या दिवशी कार्यालये शिस्तीत वागतात, तसा. चौकशी समितीतल्या विद्वानांनी मात्र दोष गौतमीच्या मोजणीत शोधला. सोमवारी तिने पुरावा मांडायचा, नाहीतर माफीनाम्यावर सही करून प्राध्यापकी सोडायची.

म्हणून तिने स्वतःची चाचणी लिहिली होती, कोणत्याही प्रोसेसरला अनोळखी. गावची वीज डळमळते म्हणून बॅटऱ्या आणल्या. बॅटरी आणि संगणक यांच्यामध्ये मीटर, समोर कॅमेरा. उद्या कोणी शंका काढू नये म्हणून प्रत्येक पायरी ती खणखणीत आवाजात उच्चारत होती.

"भार चढतोय. पूर्ण भार."

पंखा घोंघावू लागला. मीटर एकशे सत्तरच्या पुढे जाऊन स्थिरावला. आता फक्त विश्रांतीचा आकडा हवा होता. तो वजा केला की प्रोसेसरची खरी भूक उघडी पडणार होती.

"भार उतरला," ती म्हणाली आणि तिने चाचणी थांबवली.

पंखा मंदावला. मीटर हलला नाही.

पडदा सांगत होता की प्रोसेसर रिकामा बसला आहे. तिने मीटर बदलला. दुसऱ्यानेही तोच आकडा दाखवला. प्रोसेसरवरच्या धातूला तिने बोट लावले. तो भिंतीच्या दगडाइतका गार होता. वीज खर्च होते तिथे ऊब असते. याला अपवाद तिच्या वाचनात कुठेही नव्हता. बॅटऱ्या झपाट्याने रिकाम्या होत होत्या आणि ती ऊब कुठेतरी जात होती. खोलीतल्या आंबूस वासात आता घामाचा आणि विडीचा वास मिसळला होता.

दारात अंबूबाई उभी होती. हात शेणाने भरलेले. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"कुनाला हाका मारतेस गो बाय, मगाधरनं?"

"कुणाला नाही, अंबूबाई. यंत्रावर भार टाकते आणि उतरवते."

"उतरला बोलतेस तू. उतरलाय कुठं?"

गौतमी दचकली. दारातून मीटर दिसत नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"म्हशी बघ."

गोठ्यातल्या सगळ्या म्हशी उठून उभ्या होत्या, या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून. एकही रवंथ करत नव्हती.

"आमचा म्हातारा, भागोजी, हितंच बसायचा," अंबूबाई म्हणाली. "तो गेला, तवापासनं कुनाच्या अंगात भार आला नाय. आज तू हाका मारून बोलावलास. नि आता उतर बोलतेस? तुझ्या कालेजचा शिपाय हाय का तो?"

"मग काय करू? चहा विचारू त्याला?"

"हसून घे. झाड मागंल तो. मागितलान तरी देऊ नको."

गौतमी पुन्हा मीटरकडे वळली. लोकश्रद्धांवर तिने पुष्कळ वाचले होते, आणि वाचलेल्या माणसाला विचारावे लागत नाही, असा तिचा समज होता. तिने संगणकाची वायर मीटरमधून उपसली.

मीटरच्या पुढे आता काहीच जोडलेले नव्हते. आकडा तोच होता.

कॅमेरा हे सगळे टिपत होता. समिती याकडेच बोट दाखवून म्हणेल, बाईंचा मीटर खोटा. सोमवार, सही, माफी. त्या विद्वानांचे समजूतदार चेहरे तिला दिसले आणि तिच्यातला राग थंडपणे वर आला.

मागच्या बाजूला हिरड्याचे झाड होते. तेवढ्याने भागत असेल तर भागू दे.

"झाड हवंय ना?" ती मीटरकडे पाहून म्हणाली. "दिलं. घे झाड."

आकडा शून्यावर आला.

गोठ्यात म्हशी एकेक करून खाली बसल्या. गौतमीने वायर जोडली, संगणक चालू केला. विश्रांतीचा आकडा तिसाच्या आसपास, अगदी हवा होता तसा. पुरावा पूर्ण झाला होता.

"कंचं झाड दिलंस गो?" अंबूबाईचा आवाज बारीक झाला होता.

"मागचा हिरडा."

"हिरडा?" म्हातारीने शेणाचे हात लुगड्याला पुसले. "ज्याच्या अंगात भार येतो, त्या मान्साला आमच्यात झाड बोलतात. भागोजी झाड व्हता."

अंबूबाईने दारातूनच खोलीभर नजर फिरवली. आत गौतमीशिवाय दुसरे कोणी नव्हते.

सोमवारी समितीने चाचणी समोर करून दाखवायला सांगितली. माफीनामा टेबलावर आधीच तयार होता. गौतमीने त्यावर डावा तळहात टेकवला आणि उजव्या हाताने चाचणी सुरू केली.

"पूर्ण भार."

मीटर चढला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच राहिला.

"उतरवा," ते शेवटी म्हणाले.

"भार उतरला."

मीटर तिसावर आला. ती जिंकली होती.

प्रयोगशाळा सहायक नागसेनने हवा हुंगली. "मॅडम, काही जळतंय का?"

गौतमीने वायरी चाचपल्या. गार. धातू गार.

तिचा डावा तळहातही तिला गारच लागत होता. त्याच्याखालचा कागद बोटांच्या कडेकडेने तपकिरी होत चालला होता.